केर्न्सचा निकाल आणि आमची मतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ ला हवामानबदलावर मत दिलं तेव्हा हा प्रश्न तिथे नेणाऱ्या वानुआतू या पॅसिफिकमधल्या छोट्या बेट-देशाचं खूप कौतुक झालं, आणि व्हायलाच पाहिजे, २०१९ मध्ये कायदा शिकणाऱ्या २७ पोरांनी सुरू केलेली गोष्ट पार तिथपर्यंत गेली म्हणजे काय चेष्टा नाही. पण त्याच्या आठच दिवस आधी इकडे ऑस्ट्रेलियात केर्न्स शहरात दुसरा एक निकाल लागला, त्याबद्दल मराठीत मला एक ओळ वाचायला मिळाली नाही, म्हणून लिहितोय.

ऑस्ट्रेलियाचं उत्तर टोक आणि पापुआ न्यू गिनी यांच्यामध्ये टोरेस सामुद्रधुनी आहे. तिथल्या बोइगू आणि साईबाई बेटांवरचे पबई पबई आणि पॉल कबई (इथे सगळे अंकल पबई, अंकल पॉल म्हणतात, आपण गावातल्या जाणत्या माणसाला तात्या-आबा म्हणतो तसं) यांनी २०२१ मध्ये केंद्र सरकारवर केस टाकली. म्हणणं साधं, कार्बन कपातीची टार्गेट तुम्ही फार कमी ठेवली आणि आमची बेटं चाललीत. जज विग्नी यांनी मान्य काय काय केलं बघा, तिथे समुद्र दर दहा वर्षांत साधारण ६ सेंटीमीटर चढतोय, २०१५, २०२० आणि २०२१ ला टार्गेट ठरवताना सरकारने सायन्सकडे नीट बघितलंच नाही. तरी केस फेटाळली! टार्गेट किती ठेवायचं हा धोरणाचा विषय, आणि ‘आयलन कस्टम’ (या बेटांवरच्या चालीरीती) गेलं तर त्याची भरपाई सध्याच्या कायद्यात बसत नाही.

आयलन कस्टम म्हणजे नुसती नाच-गाणी नव्हेत. कुठल्या वाऱ्यात कुठला मासा, बाग कुणाची कुठपर्यंत, मेलेल्याच्या कबरीवरचा दगड कधी उघडायचा, सगळं त्या जागेला बांधलेलं. माझ्या आजोळचं गाव धरणात गेलं, आजी मरेपर्यंत नव्या गावठाणाला ‘कॅम्प’च म्हणायची, त्यामुळे हे मला फार समजावून सांगावं लागलं नाही.

तुवालू या पॅसिफिकमधल्या बेट-देशाच्या लोकांसाठी ऑस्ट्रेलियाने वर्षाला २८० जणांच्या व्हिसाचा करार केलाय, त्याचं कौतुक ऐकतो. पण टोरेसवाले आधीच ऑस्ट्रेलियाचे नागरिक आहेत, उद्या केर्न्सला राहायला जायचं तर त्यांना कोण अडवतंय? त्यांना जायचंच नाही, भांडण तेच तर आहे. आणि याच सामुद्रधुनीतल्या मेर बेटाच्या एडी माबोंच्या केसमध्ये १९९२ ला हायकोर्टाने (इथलं सगळ्यात वरचं कोर्ट हेच) म्हटलं की गोरे आले तेव्हा ही जमीन बिनमालकीची नव्हती. म्हणजे जमीन तुमची हे कायद्याने मानलं, समुद्राने नेली तर मात्र दाद कुठे मागायची ते कायद्यात नाही. युनोच्या मानवाधिकार समितीने २०२२ मध्येच म्हटलंय की ऑस्ट्रेलियाने यांच्या संस्कृतीच्या आणि घराच्या हक्काचा भंग केला, पण ते पाळायला भाग कोण पाडणार.

निकालानंतर दोनच महिन्यांत सरकारने २०३५ चं टार्गेट जाहीर केलं, २००५ च्या तुलनेत ६२ ते ७० टक्के कपात, आणि त्याच महिन्यात नॉर्थ वेस्ट शेल्फ गॅस प्रोजेक्टला २०७० पर्यंत मुदतवाढ. बसवा हिशोब.

जज म्हणाले की कायदा बदलेपर्यंत या लोकांकडे आवाज उठवणं, निदर्शनं आणि शेवटी मतपेटी एवढाच मार्ग आहे. मतपेटी! सगळी बेटं मिळून चारेक हजार माणसं, मतदारसंघात केर्न्स शहर पण येतं, त्यात यांची मतं दिसणार किती. मतं आहेत आमच्यासारख्यांकडे, इथे येऊन नागरिकत्व घेतलेल्यांकडे, मतदान तर सक्तीचंच आहे. आम्ही मत देताना काय बघतो, घराचा हप्ता आणि आईवडिलांचा व्हिसा. मीही तेच बघितलं.

इथे कुठलाही कार्यक्रम असो, आधी या जमिनीच्या मूळ मालकांना, अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेटच्या लोकांना मान देणारा एक परिच्छेद वाचतात. आमच्या मंडळाच्या गणपतीतसुद्धा. मागच्या गणपतीत ते वाचायचं काम माझ्याकडे होतं, निकाल लागून दीड महिनाही झाला नव्हता. कागदावरून वाचलं, घडी करून खिशात ठेवला आणि आरतीला उभा राहिलो.

आपला,
एक वाचक, ब्रिस्बेन