आमच्या यादीत पाच साईकृपा आहेत
(मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना एका बीएलओचे खुले पत्र)

मा. मुख्य निवडणूक अधिकारी,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सादर नमस्कार. मी नवी मुंबईतला एक बीएलओ, म्हणजे घरोघर जाऊन मतदार यादीचे अर्ज तपासणारा. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी हे आमचे पूर्ण नाव नेमणुकीच्या आदेशावरच वाचायला मिळते. दारात उभा राहिलो की घरातली बाई आतल्यांना ओरडून सांगते, "मतदानवाले आलेत." पेशाने प्राथमिक शिक्षक. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कुठल्या अंगाला माझा भाग आहे ते मुद्दाम सांगत नाही आणि नावही देत नाही. निवडणुकीच्या कामापुरते आम्ही निवडणूक आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर आहोत असे कायदा मानतो, तेव्हा जरा जपून असलेले बरे. येत्या मेअखेर निवृत्त होतोय. नऊ वर्षे एकच भाग सांभाळला. जाता जाता थोडे बोलायचे आहे, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

२०२४ च्या लोकसभेनंतर पत्ता बदलल्याचा एक अर्ज, म्हणजे नमुना ८, माझ्याकडे चौकशीला आला. सातारा जिल्ह्यातून इकडे राहायला आलेले जोडपे. पत्ता एवढाच : साईकृपा, तिसरा मजला, गावठाण. मी देवळाशेजारच्या साईकृपामध्ये गेलो. तिसऱ्या मजल्यावर कुलूप. खालच्या किराणावाल्याला विचारले तर तो म्हणाला, या नावाचे इथे कुणी नाही. शाळा सुटल्यावर दोन दिवसांनी पुन्हा गेलो, तेच कुलूप. त्या संध्याकाळी आमच्या ग्रुपवर नेहमीचा निरोप होताच, "पाचपर्यंत पेंडन्सी शून्य करावी, अतितात्काळ." मी शेरा मारला : पत्त्यावर आढळून आले नाहीत. अर्ज निकाली निघाला.

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचे मतदान. मी शाळेच्या फाटकाशी मदत कक्षात यादी घेऊन बसलेला. अकराच्या सुमारास एक बाई कडेवर पोर घेऊन आली, मागे नवरा. यादीत नाव नाही. मोबाइलवर शोधले तर नाव अजून गावालाच. ती म्हणाली, "सर, तुम्ही आला होता कधी? मी तर बाळंतपणापासून घरातच आहे." कुठली इमारत विचारले. विहिरीमागची हिरवी साईकृपा. मी गेलो होतो देवळाजवळच्या साईकृपात. दोन्हींमध्ये चालत तीन मिनिटांचे अंतर आहे. गाव कराडच्या पुढे, संध्याकाळी सहाच्या आत तिथे पोहोचणे शक्यच नव्हते. नवरा काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरे वाटले असते.

महोदय, माझ्या भागात पाच साईकृपा आहेत. तीन एकवीरा छाया आहेत, एक मातोश्री आणि एक मातृछाया आहे, आणि "पाटील निवास" किती आहेत हे मोजायचे मी सोडून दिले आहे. सिडकोच्या सेक्टरात असला गोंधळ नसतो. तिथे प्रत्येक सोसायटीच्या फाटकावर भूखंड क्रमांक आणि सेक्टर रंगवलेला असतो, पोस्टमनपासून पिझ्झावाल्यापर्यंत सगळे त्यावर चालतात. पण नवी मुंबई म्हणजे काही नुसते सेक्टर नव्हेत. गावठाणे आहेत, गावठाणाला चिकटून गरजेपोटी बांधलेली चार-पाच मजली घरे आहेत, माथाडींच्या चाळी आहेत, डोंगराच्या कडेची वस्ती आहे. तिथली मतदार यादी उघडून घर क्रमांकाच्या जागी काय छापले आहे ते एकदा बघा. शून्य. आडवी रेघ. "एनए." कुठे मोबाइल नंबरचे शेवटचे तीन आकडे, ते कुणी आणि का घातले देव जाणे.

मग आम्ही काम करतो कसे? वहीवर. माझी २०० पानी वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात माझ्या भागाचा हाताने काढलेला नकाशा आहे, गल्लीला एक पान. विहीर, देऊळ, रेशन दुकान, ट्रान्सफॉर्मर या खुणा. प्रत्येक इमारतीच्या चौकोनात मजले, जिना कुठल्या बाजूने चढतो, दिवसा कोण घरी असते. साईकृपा १ ते ५ हे क्रमांक मीच दिले, तेही त्या नोव्हेंबरनंतर. आधी दिले असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. ही वही शासनाच्या कुठल्याही यंत्रणेत नाही.

ॲप मात्र आम्ही भरपूर पाहिली. गरुडा पाहिले, मग बीएलओ ॲप आले. आता चाळीसहून अधिक ॲप आणि संकेतस्थळे एकट्या ईसीआयनेटमध्ये आणत असल्याचे आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केले. चांगलेच आहे, निदान पासवर्ड तरी कमी होतील. मी तंत्रज्ञानाला नाक मुरडणारा माणूस नाही. पूर्वी अर्जांचे गठ्ठे पिशवीत भरून रिक्षाने न्यायचो, पावसात शाई पसरायची. आता उभ्या उभ्या फोटो काढून पाठवतो. २०२५ मध्ये आमचे मानधन वर्षाला ६,००० चे १२,००० झाले, त्याबद्दलही आभार. पण गरुडात मतदान केंद्राचे फोटो आणि अक्षांश-रेखांश घातले तेव्हाच मला वाटले होते की केंद्र तर सगळ्यांना ठाऊकच आहे, ती आमची शाळा आहे! सापडत नाही ती मतदाराची इमारत, आणि छापील यादीत तिच्यापुढे कायमच्या खुणेचा एकही आकडा नसतो.

तो आकडा नव्याने शोधायचीही गरज नाही. महावितरणचा मीटर रीडिंगवाला त्याच पाच साईकृपांमध्ये महिन्याच्या महिन्याला बरोबर मीटरपाशी पोहोचतो. त्याच्याकडे १२ आकडी ग्राहक क्रमांक आहे. पालिकेचे मालमत्ता कराचे बिल गावठाणातल्या घरांनाही येते. म्हणजे पैसे घ्यायचे असतात तेव्हा सरकारला घर सापडते. मी असे म्हणत नाही की मतदाराचे नाव वीजबिलाला जोडा. तसली जोडाजोड नकोच. आधार जोडून याद्या शुद्ध करण्याची २०१५ ची मोहीम सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर थांबवावी लागली होती, ते मी विसरलो नाही. माणसाला हात लावू नका, इमारतीला लावा. पालिकेकडून फक्त इमारतींची यादी घ्या, कुणाचे नाव नको, थकबाकी नको. प्रत्येक इमारतीला कायमचा एक क्रमांक द्या आणि दाराचा एक फोटो जोडा. इमारतीचे नाव बदलू दे, मालक बदलू दे, बीएलओ बदलू दे, क्रमांक तोच. मतदाराने अर्ज भरताना नकाशावर आपल्या इमारतीवर बोट ठेवायचे. त्या बाईने विहिरीमागच्या हिरव्या इमारतीवर बोट ठेवले असते, तर मी देवळाकडे वळलोच नसतो.

याच एका गोष्टीपायी महापालिका निवडणुकीतही दमछाक झाली. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानासाठी विधानसभेची यादी फोडून प्रभागनिहाय करायची होती. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची, तो आपला विभाग नाही हे मला कळते. मतदाराला ते कळत नाही, आणि कळायचे कारणही नाही. पण यादी तर आपलीच वापरली जाते. प्रभागाची हद्द एका नाल्यावरून गेलेली, आणि यादीत पत्ता "साईकृपा". नाल्याच्या अलीकडची की पलीकडची? फोडणारा माणूस टेबलावर बसून तर्क करणार. एकाच घरातला बाप एका प्रभागात आणि मुलगा दुसऱ्यात, अशा हरकती मग येणारच. इमारतीला क्रमांक असता तर संगणकाने ही वाटणी चहा संपायच्या आत केली असती.

दुबार नावांचेही तसेच. संभाव्य दुबार मतदारांपुढे त्या वेळी दोन तारे छापले. हेतू चांगला. पण माथाडी चाळीत सुनीता शिंदे नावाच्या सात बाया असू शकतात आणि त्या खरोखरच सात असतात. उलट लग्न होऊन आलेली मुलगी माहेरच्या यादीत एका आडनावाने आणि सासरच्या यादीत दुसऱ्याने बसलेली असते, ती नावावरून सापडत नाही. त्यात ऑनलाइन अर्जाची गंमत. इंग्रजीत नाव लिहिले की शेजारी मराठी नाव आपोआप उमटते. साठे यांचे साथे होते, काळे गोरे होत नाहीत पण काले होतात, घाणेकरांचा ण जातो. ठ-थ, ळ-ल, ण-न हा फरक इंग्रजी अक्षरांत मुळातच नसतो, तर यंत्र तो आणणार कुठून? दुरुस्त करता येते, पण घाईत कोण बघतो? मग साठे आणि साथे ही दोन माणसे होतात. महाराष्ट्राच्या यादीत आधी मराठी नाव मराठीत लिहून घ्यावे आणि त्यावरून इंग्रजी करावे. इंग्रजीत थोडे चुकले तरी माणूस ओळखता येतो.

आता "निकाली" या शब्दाकडे येतो. वरच्या अधिकाऱ्यांच्या पडद्यावर अर्ज दोन रंगांत दिसतात, प्रलंबित आणि निकाली. मंजूर झालेला अर्ज निकाली, नामंजूर झालेलाही निकाली. त्यामुळे त्या दिवशी माझ्या चुकीच्या शेऱ्याने आमच्या पर्यवेक्षकांचा आकडा सुधारला, त्यांचा सुधारला म्हणून वरच्यांचा सुधारला. एक बाई यादीबाहेर राहिली आणि आम्हा सगळ्यांचे काम वेळेत पूर्ण झाले. यात कुणी वाईट नव्हते. जे मोजले जाते तेच होते, वर्गात परीक्षेचे गुणच मोजले तर मुले गुणच मिळवतात, तसे. चाळीस वर्षांच्या मुलांनाही तोच नियम.

म्हणून नामंजूर अर्ज वेगळे मोजा. त्यातही "आढळून आले नाहीत" या शेऱ्याने गेलेले आणखी वेगळे. तो शेरा मारण्याआधी बीएलओने अर्जदाराच्या मोबाइलवर फोन केला होता का, तेवढे ॲपने विचारावे. आणि नामंजुरीचा निरोप मराठीत, कारणासकट, त्याच दिवशी अर्जदाराला जावा. कारण कायद्यात पहिले अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे करायला १५ दिवस आहेत, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर दुसरे ३० दिवसांत खुद्द आपल्याकडे येते. नवी मुंबईतून नमुना ८ च्या नामंजुरीवर दुसरे अपील घेऊन आपल्या टेबलापर्यंत किती जण पोहोचतात ते आपणच पाहा. माझ्या जोडप्याला तर अर्ज नामंजूर झाल्याचे मतदानाच्या दिवशी कळले, कारण त्यांनी तोवर पाहिलेच नव्हते. रोज उठून संदर्भ क्रमांक टाकून कोण बघत बसतो? नवे मतदार ओळखपत्र आता १५ दिवसांत पाठवायचे ठरले आहे, पोस्टाच्या प्रत्येक टप्प्यावर एसएमएस. मिळणाऱ्याला चार एसएमएस येतात, तर ज्याचे नाकारले त्याला एक तरी यावा.

मयतांच्या बाबतीत मात्र तंत्रज्ञान मनापासून हवे आहे. मृत्यूनोंदणीची माहिती थेट यादीकडे येणार असे आयोगाने मे २०२५ मध्ये सांगितले, ते लवकर व्हावे. एका चाळीत एक आजी दर वर्षी मला सांगतात, "यांचं नाव राहू दे की, काय खातंय का?" त्यांच्याकडून नाव वगळण्याच्या नमुना ७ वर सही घेणे मला नऊ वर्षांत जमले नाही. तिथे संगणकाने नाव कळवावे, पण कापण्याआधी एकदा आम्हाला दारात पाठवावे. जिवंत माणूस कागदावर मेल्याचीही उदाहरणे असतात.

सॉफ्टवेअर दिल्लीचे, निर्णय दिल्लीचा, हे उत्तर मला माहीत आहे. तरी राज्यात प्रयोग करायला कुणाची ना नसावी. १५० ऐरोली किंवा १५१ बेलापूर, दोन्हींपैकी एक मतदारसंघ घ्या. सेक्टर, गावठाण, चाळ, टॉवर, सगळे नमुने एका ठिकाणी मिळतील. पालिकेकडून इमारतींची यादी घ्या आणि आम्हा बीएलओंच्या वह्या मागवा. हो, वह्या. प्रत्येकाकडे एक असतेच, कुणाची डायरी, कुणाच्या जुन्या कॅलेंडरच्या मागची पाने. आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला आपल्या इमारतीपुरती यादी पाहता येईल असे करा. आज संकेतस्थळावर भागाची जी यादी मिळते ती चित्रासारखी, तिच्यात शब्द टाकून शोधता येत नाही. सेक्रेटरी मंडळींना कुणाच्या गॅलरीत कुंड्या किती हेसुद्धा ठाऊक असते. निम्मी दुरुस्ती तेच करून देतील, आणि उरलेली भांडून करतील.

त्या जोडप्याचे नाव नंतर इथल्या यादीत लागले. आता एक जानेवारी, एक एप्रिल, एक जुलै, एक ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत, पण त्या वयाची अठरा वर्षे मोजण्यासाठी; यांचा अर्ज मी कुठल्याच तारखेची वाट न पाहता दुसऱ्याच आठवड्यात शेजारी बसून भरून घेतला. जानेवारीत दोघांनी मतदान केले. बाईंनी मला शाईचे बोट दाखवले, हसल्या नाहीत.

माझ्या भागासाठी नव्या बाई नेमल्या आहेत, दुसऱ्या एका शाळेतल्या. मागच्या रविवारी वहीची झेरॉक्स काढून त्यांना दिली आणि दोघे मिळून एक फेरी मारली. पान ४३ वर त्यांनी स्वतःच्या हाताने एक चौकोन वाढवला. विहिरीच्या उजवीकडे बांधकाम चालू आहे, तिसरा स्लॅब पडलाय. नाव काय ठेवणार म्हणून मालकाला विचारले. तो म्हणाला, साईकृपाच.

आपला,
एक बीएलओ
नवी मुंबई