लोकायुक्तांची शिफारस सभागृहात वाचली गेली पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बरीच वर्षे प्रशासकांच्या हाती असलेल्या राज्यातल्या महापालिकांमध्ये सभागृहे पुन्हा भरू लागली आहेत. नगरसेवक आले म्हणजे पाणी, कचरा, खड्डे यांच्या तक्रारींना वाली मिळाला, असा आपला समज असतो. पण नगरसेवकाच्या पत्रालाही बहुतेक वेळा तेच उत्तर येते: 'आपली तक्रार पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे.' काही दिवसांनी ॲपवर 'निकाली' असा शेरा पडतो. काम खरेच झाले का, आणि झाले नसेल तर कोणाच्या टेबलावर अडले, हे बाहेरून तपासणारे कोणी नसते.

यासाठी इंग्लंडच्या स्थानिक शासन लोकपालाची रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. कौन्सिल म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या तिथल्या स्थानिक संस्था, आणि त्यांच्याविरुद्धच्या नागरिकांच्या तक्रारींची बाहेरून चौकशी करणारा तो हा लोकपाल. या लोकपालाला दंड करता येत नाही, कोणाला निलंबित करता येत नाही. त्याची शिफारस कौन्सिलवर कायद्याने बंधनकारकही नाही. तरीही तिथल्या कौन्सिल जवळपास सगळ्या शिफारशी मान्य करून अमलात आणतात. याचे कारण तिथल्या माणसांच्या चांगुलपणात शोधू नये, ते कार्यपद्धतीत आहे.

१९७४ च्या स्थानिक शासन कायद्याने ही संस्था उभी राहिली. पहिली काही वर्षे तक्रार नगरसेवकामार्फतच द्यावी लागे. १९८८ मध्ये ती अट गेली, नागरिक थेट लिहू लागले आणि तक्रारींचा ओघ वाढला. २०१७ पासून तिच्या नावात 'सामाजिक सेवा' हे शब्दही आले, कारण वृद्ध आणि अपंगांच्या देखभाल सेवांच्या तक्रारीही तिथेच जातात. वर्षाला सतरा ते वीस हजार तक्रारी येतात. सेवा मोफत आहे, नागरिकत्वाची अट नाही. लंडन, स्लाऊकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ती तितकीच खुली आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये मात्र वेगळे लोकपाल आहेत.

पहिला नियम असा की तक्रार आधी कौन्सिलकडेच गेली पाहिजे. २०२४ मध्ये लोकपालाने काढलेल्या तक्रार हाताळणी संहितेनुसार पाच कामकाजाच्या दिवसांत पोच, त्यानंतर दहा दिवसांत पहिले उत्तर आणि समाधान न झाल्यास दुसऱ्या टप्प्याचे उत्तर वीस दिवसांत अपेक्षित आहे. दुसऱ्या उत्तरात 'हे आमचे अंतिम उत्तर. ते मान्य नसल्यास लोकपालाकडे जा' असे स्पष्ट लिहावे लागते. अंतिम उत्तर येतच नसेल, तर साधारण बारा आठवडे वाट पाहून लोकपालाचे दार ठोठावता येते. प्रकार कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत यावे, ही दुसरी मर्यादा. खासदार, मंत्री, वर्तमानपत्र आणि लोकपाल अशा चौघांना एकाच दिवशी पत्र धाडणाऱ्याची तक्रार इथेच परत जाते.

हा नियम वरकरणी नागरिकालाच थांबवणारा वाटतो, पण अंतिम उत्तर हा तक्रारदाराचा सर्वांत मोठा पुरावा असतो. एकदा कौन्सिलने आपली बाजू सही-तारखेनिशी लिहून दिली की चौकशीत तिला वेगळीच हकीकत सांगता येत नाही. आपल्याकडे तक्रार वर्ग होत राहते आणि कोणाचेच उत्तर अंतिम नसते. त्यामुळे पुढच्या पायरीवर धरायचे कोणाला, हाच प्रश्न उरतो.

दुसरा नियम अनेकांना खटकतो. कौन्सिलचा निर्णय योग्य की अयोग्य, हे लोकपाल ठरवत नाही. निर्णय कसा घेतला, एवढेच तो पाहतो. नियम पाळले का, आवश्यक कागद पाहिले का, विनाकारण उशीर लावला का, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा न्याय दिला का? १९६६ मध्ये ब्रिटिश संसदेत मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी गैरकारभार म्हणजे काय याची यादी सांगितली होती: पक्षपात, दुर्लक्ष, दिरंगाई, अकार्यक्षमता, मनमानी वगैरे. तीच दिशा आजही धरली जाते. कौन्सिलची चूक तर दाखवावी लागतेच, पण त्या चुकीने तक्रारदाराचे नुकसान झाले हेही दाखवावे लागते. चूक आहे पण झळ कोणाला बसली नाही, अशा तक्रारीत लोकपाल सहसा वेळ घालवत नाही.

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षण आराखड्याचे उदाहरण घेऊ. पालकांनी मागणी केल्यापासून सहा आठवड्यांत मूल्यमापन करायचे की नाही हे कळवायचे आणि वीस आठवड्यांत अंतिम आराखडा द्यायचा, असा तिथे नियम आहे. समजा आराखडा चाळिसाव्या आठवड्यात आला. लोकपालाचा तपासनीस आधी तारखांचा तक्ता मांडतो: अर्ज कधी पोचला, मानसशास्त्रज्ञाचा अहवाल कधी मागवला, कधी आला, मधले आठवडे फाइल कुठे होती. 'मानसशास्त्रज्ञ उपलब्ध नव्हते' हे कारण तो नोंदवून घेतो, पण उशिराचा ठपका तेवढ्याने पुसला जात नाही. मनुष्यबळ पुरवणे हे कौन्सिलचेच काम. मात्र त्याच आराखड्यात कोणती शाळा लिहिली, हा वाद त्याच्याकडे नेऊन उपयोग नाही. त्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आहे आणि जिथे अपिलाची वाट आहे तिथे लोकपाल सहसा शिरत नाही. एकाच प्रकरणातला उशीर त्याच्या कक्षेत आणि निवड कक्षेबाहेर, ही रेघ न कळल्याने कितीतरी तक्रारी फुकट जातात.

कागदपत्रे मागवणे आणि साक्षीदार बोलावणे यांबाबत त्याला तिथल्या उच्च न्यायालयाइतके अधिकार आहेत. फाइल सापडत नाही, फोनची नोंद नाही, या सबबी त्याच्यापुढे उलट्या पडतात. नोंद न ठेवणे हीच चूक धरली जाते, आणि मग उपलब्ध कागदांवरून काय घडले असणे अधिक संभवते, ते ठरवून तो निष्कर्ष काढतो.

चूक सिद्ध झाली की तक्रारदाराला, चूक झालीच नसती तर तो जिथे असता तिथे शक्य तितके आणून ठेवायचे, हे सूत्र आहे. लेखी माफी, निर्णयाचा फेरविचार, जादा वसूल केलेल्या रकमेचा परतावा ही नेहमीची साधने. मूल शिक्षणाला मुकले असेल तर एका सत्रामागे ९०० ते २,४०० पौंड, केवळ मनस्तापासाठी साधारण ५०० पौंडांपर्यंत. रकमा मोठ्या नाहीत. मला त्यांच्यासोबतची शिफारस अधिक मोलाची वाटते: याच चुकीची झळ बसलेले आणखी कोण आहेत ते शोधा, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या, पत्राचा नमुना बदला, आणि केल्याचा पुरावा अमुक आठवड्यांत पाठवा. एका कुटुंबाच्या तक्रारीतून कधी कधी शेकडो घरांची बिले दुरुस्त होऊ शकतात, ती अशी.

यापुढचा भाग आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. २०१३ पासून लोकपालाचे निर्णय संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. तक्रारदाराचे नाव झाकलेले असते, कौन्सिलचे उघड असते. दरवर्षी प्रत्येक कौन्सिलला तिच्या कामगिरीचे पत्र जाते, तेही सर्वांना वाचता येते. गंभीर प्रकरणात सार्वजनिक अहवाल निघतो. मग कौन्सिलला दोन आठवड्यांत वर्तमानपत्रात जाहिरात देऊन अहवाल तीन आठवडे नागरिकांसाठी खुला ठेवावा लागतो, आणि तीन महिन्यांत लोकप्रतिनिधींच्या बैठकीत त्यावर विचार करून काय केले ते कळवावे लागते. तरी दाद दिली नाही तर दुसरा अहवाल निघतो. तोही धुडकावला, तर लोकपालाने मान्य केलेल्या मजकुराचे निवेदन स्थानिक वर्तमानपत्राच्या दोन अंकांत स्वतःच्या खर्चाने छापण्याची पाळी कौन्सिलवर येते. निवडून आलेल्या कोणत्याही माणसाला ही पाळी नको असते. शेफील्डमध्ये रस्त्याकडेची निरोगी झाडे तोडण्यावरून मोठा वाद झाला, तेव्हा २०२० मध्ये लोकपालाने तिथल्या कौन्सिलवर नागरिकांशी उघडपणे आणि प्रामाणिकपणे न वागल्याचा ठपका ठेवला. कौन्सिलला जाहीर माफी मागावी लागली.

या व्यवस्थेतही उणिवा आहेत. तक्रारी वाढल्यामुळे लोकपाल निवड करूनच चौकशी हाती घेतो, आणि सगळ्या शहराला सारखीच झळ देणाऱ्या धोरणावर त्याला बोलता येत नाही. करवाढ ही त्याच्याकडची तक्रार होऊ शकत नाही. चुकीच्या माणसाकडे वसुली अधिकारी पाठवणे होऊ शकते.

आता महाराष्ट्राकडे वळू. आपला लोकायुक्त व उपलोकायुक्त अधिनियम १९७१ चा, म्हणजे इंग्लंडच्या स्थानिक लोकपालापेक्षा जुना, आणि लोकायुक्त प्रत्यक्ष नेमणारे आपले पहिले राज्य. महापालिका, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदांचा कारभार त्याच्या कक्षेत आला. अवाजवी, अन्यायकारक किंवा भेदभावाची कृती, हयगय आणि अकारण विलंब, अशी गैरकारभाराची व्याख्या त्यात नेमकी केली आहे. गाऱ्हाण्यासाठी बारा महिने आणि भ्रष्टाचाराच्या अभिकथनासाठी (म्हणजे आरोपासाठी) तीन वर्षे, अशी मुदत, सोबत प्रतिज्ञापत्र, गाऱ्हाण्यावरील शिफारशीबाबत काय केले ते एका महिन्यात कळवणे. दाद मिळाली नाही तर विशेष अहवाल राज्यपालांकडे आणि तिथून विधिमंडळापुढे.

अडचण या शेवटच्या टप्प्यात आहे. अहवालाचा प्रवास राज्यपाल ते विधिमंडळ असा होतो. ज्या महापालिकेत चूक घडली, तिच्या सर्वसाधारण सभेपुढे तो ठेवण्याची सक्ती त्या अधिनियमात नाही. त्यामुळे ज्या नगरसेवकांनी आयुक्तांना जाब विचारायचा, त्यांच्यापर्यंत तो पोचेलच असे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने आणि डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेने मंजूर केलेल्या लोकायुक्त विधेयकाची चर्चाही मुख्यतः मुख्यमंत्री कक्षेत येणार या मुद्द्याभोवती फिरली. नळाला पाणी न येणाऱ्या घराच्या गाऱ्हाण्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

तक्रारदारांनीही काही पथ्ये पाळावीत. अर्जाची पोच आणि आवक क्रमांक घ्यावा, एका अर्जात एकच विषय ठेवावा, घटना तारखांच्या क्रमाने मांडाव्यात, आणि उत्तर न आल्यास 'आपले अंतिम उत्तर लेखी द्यावे' असे स्मरणपत्र द्यावे. 'भ्रष्ट कारभार' असे मोघम लिहिण्यापेक्षा कोणता नियम मोडला आणि त्याने आपले काय बिघडले, ही दोन वाक्ये जास्त काम करतात.

महापालिकांकडून अपेक्षा तीन. प्रत्येक तक्रारीच्या शेवटच्या उत्तरावर 'अंतिम' असे लिहून पुढे कुठे दाद मागायची तो पत्ता द्यावा. आपल्याविषयी लोकायुक्तांनी केलेली प्रत्येक शिफारस, तक्रारदाराचे नाव झाकून, संकेतस्थळावर ठेवावी. आणि ती शिफारस नगरसचिवांनी लगेचच्या मासिक सभेच्या कार्यपत्रिकेवर घेऊन आयुक्तांचे लेखी निवेदन सोबत जोडावे. यासाठी मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. सभागृहात असा ठराव मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरेसा आहे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे