पिशवी काढण्याची घाई कोणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर पानभर लेख छापल्याबद्दल आभार. गर्भाशयमुखाच्या अस्तरातील पेशींच्या कर्करोगाआधीच्या बिघाडाला सीआयएन म्हणतात, आणि त्याच्या १ ते ३ अशा चढत्या पायऱ्या असतात. मात्र ‘सीआयएन म्हणजे कर्करोगच, पिशवी काढून मोकळे व्हावे’ हा त्यातील सल्ला वाचून मन विटले, कारण जवळपास याच शब्दांत माझ्या धाकट्या जावेला चौदा वर्षांपूर्वी घाबरवण्यात आले होते.

तिच्या तुकड्याच्या तपासणीत सीआयएन १ आले होते. प्रयोगशाळेत स्लाइड रंगवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, तरी घरात मला कोणी विचारले नाही. पिकते तिथे विकत नाही. सीआयएन १ मध्ये अस्तराच्या फक्त खालच्या तिसऱ्या हिश्श्यातील पेशी बिघडलेल्या असतात, वरच्या पेशींत केंद्रकाभोवती रिकामे कडे दिसते, आणि ही या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची खूण बहुतेक स्त्रियांत वर्षा-दोन वर्षांत आपोआप पुसली जाते. विषाणू, त्यातही १६ किंवा १८ क्रमांकाचा, वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला, तरच त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिने पेशीच्या वाढीचे लगाम तोडतात. सीआयएन ३ मध्ये अस्तराची सगळी जाडी बिघडते. तरीही खालचा पातळ पडदा शाबूत असेपर्यंत त्याला कर्करोग म्हणत नाहीत. न्यूझीलंडमध्ये उपचाराविना राहिलेल्या अशा स्त्रियांपैकी सुमारे ३१ टक्के स्त्रियांना ३० वर्षांत कर्करोग झाला. म्हणून सीआयएन ३ वर उपचार हवेतच, पण बहुधा गर्भाशयाच्या तोंडाचा तेवढा भाग काढून किंवा जाळून भागते.

जावेचे वय तेव्हा एकतीस होते. दुभती म्हैस विकून शस्त्रक्रिया झाली, आणि काढलेल्या पिशवीच्या अहवालात निघाली केवळ जुनाट सूज! तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

लेखात अमेरिका आली, इंग्लंड आले, पण आपले धाराशिव आले नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एचपीव्हीची एकच तपासणी आणि दोष आढळल्यास उपचार, एवढ्यावर ज्या गटात काम झाले, तिथे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. कोल्हापूरच्या वाचकाला हे अधिक जवळचे वाटले नसते काय?

जाता जाता आणखी एक. लेखाच्या बरोबर खाली ‘अंगावरून पांढरे जाणे सात दिवसांत बंद’ अशी चूर्णाची जाहिरात होती. पूर्वावस्थेत बहुधा काहीच त्रास होत नाही. उलट गाठ वाढल्यावर घाण वासाचे पाणी जाऊ लागते, आणि नेमक्या त्याच वेळी एखादी बाई दवाखान्याऐवजी हे चूर्ण आणायला जाईल. त्या जाहिरातीखाली निदान बारीक अक्षरांत ‘वाचकांनी स्वतः खातरजमा करावी’ असे छापलेले तरी आहे. लेखाखाली तेवढीही ओळ नव्हती.

आपली,
एक जुनी वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर