लग्नातल्या जेवणाबद्दल, सविस्तर

ऑस्टिन, टेक्सास
१८ मे

ती. आई आणि ती. अण्णा यांना
सा. न.

मी मजेत आहे. तब्येत बरी, जेवण वेळेवर, ऑफिस नेहमीचंच. फोनवर अण्णा माझ्या लग्नातल्या जेवणाचं विचारतात, मागून आजी काहीतरी बोलते आणि विषय तिथेच राहतो. म्हणून एकदा नीट लिहूनच पाठवते.

आधी उन्हाचं. "जूनमध्ये कोणी लग्न करतं का?" असं मामा म्हणाले म्हणे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये लग्नं लागतात ती शाळांना सुट्टी असते म्हणूनच ना? इथेही तेच. माझा होणारा नवरा शाळेत शिकवतो, त्याच्या घरातले निम्मे लोक शिक्षक, जूनशिवाय कोणी मोकळं नसतं. ऊन ३५-३८ अंशांपर्यंत जातं. भुसावळच्या माणसांनी त्याची काळजी करावी हे जरा अतीच झालं. शिवाय लग्न संध्याकाळी आहे, झाडांखाली.

आता जेवण. इथे उन्हाळ्यातल्या लग्नाला बार्बेक्यू ठेवतात. म्हणजे तुम्हाला वाटतं तसं शेगडीवर भाजलेलं मांस नव्हे. ब्रिस्केट म्हणून गुराच्या छातीचा सहा-सात किलोचा सलग तुकडा घेतात. त्याला फक्त मीठ आणि जाडसर मिरपूड. हळद नाही, लसूण नाही, काही नाही. मग एका लांबलचक लोखंडी भट्टीत एका टोकाला पोस्ट ओक नावाच्या झाडाची लाकडं पेटवायची, दुसऱ्या टोकाला मांस ठेवायचं आणि नुसत्या धुरावर बारा-चौदा तास सोडून द्यायचं. सोडून द्यायचं म्हणजे माणसाने रात्रभर शेजारी खुर्ची टाकून बसायचं. मध्यरात्री केव्हातरी मांसाचं तापमान ७० अंशांच्या आसपास येऊन अडकतं आणि चार-पाच तास हलत नाही. मांसाला पाणी सुटतं, ते वाफ होऊन उडतं आणि आपल्या माठासारखा तो तुकडा स्वतःलाच गार करत राहतो. नवशिके इथे घाबरून जाळ वाढवतात. त्याचे बाबा नुसते बसून राहतात. सकाळपर्यंत तुकडा निम्म्याच्या जवळ आलेला असतो, बाहेरून कोळशासारखा काळा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, करपला! तर सगळे खूश. ती काळी पापुद्री मिळावी म्हणून भांडणं होतात.

आणि हे वाढायचं कशात? खाकी कागदावर. सोबत पांढरा पाव, कांद्याच्या चकत्या, खारवलेली काकडी. लॉकहार्ट म्हणून इथून तासाभरावर गाव आहे, त्याला टेक्सासच्या विधिमंडळाने १९९९ मध्ये ठराव करून बार्बेक्यूची राजधानी ठरवलं. (विधिमंडळाला दुसरं काम नसावं, हे अण्णा म्हणायच्या आत मीच म्हणते.) तिथे १९०० सालापासूनचं दुकान आहे. मुळात ही जर्मन आणि चेक लोकांची खाटकाची दुकानं. न खपलेलं मांस धुरावर ठेवायचे आणि कापूस वेचायला आलेले मजूर ते कागदात बांधून घेऊन तिथेच उभ्याने खायचे. अण्णा, इथे मैलोगणती कापूस व्हायचा, अजूनही टेक्सास कापसात अमेरिकेत पहिलं आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. हो, ब्रिस्केट असणार आहे. मी खात नाही, खाणार नाही. पण त्याचे बाबा स्वतः रात्र जागून ते करणार आहेत, एकुलत्या मुलाच्या लग्नात. त्यांना नको म्हणणं मला जमलं नाही आणि खरं सांगायचं तर मला ते योग्यही वाटलं नाही. हे त्यांच्याही घरचं कार्य आहे. ते टेबल अंगणाच्या पलीकडच्या बाजूला लावायचं ठरलंय, चिमटे-सुऱ्या वेगळ्या, आणि फोटोवाल्याला सांगून ठेवलंय की तिकडचा एकही फोटो नको. आजीला यातलं काही सांगू नका. आपल्या बाजूच्या टेबलावर चिकन आणि टर्की आहे. लग्नाच्या पंगतीत मटणसुद्धा चालत नाही हे मला माहीत आहे, आई, पण इथे निव्वळ शाकाहारी जेवण ठेवलं तर लोक उपाशी घरी गेले असं वर्षभर बोलतील.

शाकाहारीची काळजी करू नका, ते सगळं मी बघतेय. इथल्या घेवड्यातसुद्धा डुकराचं मांस घालतात, म्हणून तो वेगळा शिजवायला सांगितलाय. बटाट्याचं अंड्याच्या सॉसमधलं सॅलड रद्द, कारण ३२ अंशांच्या वर असेल तर तयार अन्न तासाभराहून जास्त बाहेर ठेवायचं नाही असा इथला नियम आहे आणि तो बरोबरच आहे. गोडाला इथल्या डोंगराळ भागातले पीच, जूनमध्ये ऐन भरात असतात. शिवाय डब्यातल्या केसरचा आमरस.

आणि भरीत! त्याच्या बाबांना मी आपल्याकडच्या भरीत पार्टीचं सांगितलं. वांगी भाजायला कपाशीच्या काड्या इथे कुठून आणणार? त्यांनी लाकडाचे निखारे पुढे ओढले आणि वांगी थेट त्यात टाकली, तोंडावर शंका तशीच. साल तडकून पाणी सुटायला लागलं तसे ते चिमटा घेऊन दर मिनिटाला वळवायला लागले. मिरच्या, लसूण, पातीचा कांदा घालून मी ठेचलं. त्यांनी पांढऱ्या पावावर घेऊन खाल्लं, डोळे पुसले आणि पुन्हा घेतलं. शेंगदाणे मात्र घालता येणार नाहीत. त्याच्या बहिणीच्या मुलाला दाण्यांनी जीव जाईल इतका त्रास होतो, त्यामुळे फोडणीही दुसऱ्या तेलाची. वांगी इथली जांभळी, बामणोदच्या वांग्याची चव नाही. तरी चाळीस माणसांना पुरेल एवढं करतेय.

आता बाकीचं पटापट. घरात भरून ठेवलेला कापूस माझ्यासाठी विकायचा नाही, भाव येऊ द्या. माझ्या नावाची ठेवही मोडायची नाही, ती धाकट्याच्या शेवटच्या वर्षाला लागेल. जेवणाचा खर्च आम्ही दोघं अर्धा-अर्धा करतोय. या महिन्यात पैसे कमी आले असतील, ते जुलैमध्ये भरून काढते. तुमच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख अजून अलीकडे आली नाही, मी रोज साइट बघते. नाहीच आली तर ह्यूस्टनचे काका-काकू तुमच्या जागी उभे राहतील, त्यांनी आपणहून विचारलं. मी हो म्हटलंय. आई, रागावू नकोस, कोणीतरी लागतंच. डिसेंबरमध्ये तिकडे सगळं पुन्हा करू, तेव्हा कन्यादान तुम्हीच करायचं.

आणि हो, लग्नाचं लायसन्स पुढच्या आठवड्यात काढतोय. इथे ते काढल्यावर ७२ तास थांबावं लागतं आणि ९० दिवसांच्या आत लग्न करावं लागतं, त्यामुळे आता तारीख बदलता येणार नाही. आई, हे अण्णांना आधी तू सांग, मग मी फोन करते. पत्रिकेवर आजोबांचं नाव वर घालायचं की अण्णांचं, ते तेवढं रविवारपर्यंत कळवा, छापायला द्यायचंय.

तुमची,
बेबी