आधी नकाशा द्या, मग अधिकार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महानगर प्रदेशाला एकच कारभारी हवा, हा आपला कालचा अग्रलेख वाचला. भाषा नेहमीसारखी सफाईदार. पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) आणखी अधिकार, आणखी निधी आणि आणखी माणसं दिली की पुण्याभोवतीच्या गावांचं कल्याण होईल, असा एकंदर सूर. पण २०१५ साली हे प्राधिकरण ज्या कामासाठी जन्माला घातलं, त्या विकास आराखड्याचा अग्रलेखात उल्लेखही नाही. बारशाच्या जेवणावळीचं कौतुक झालं, बाळाचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

आराखडा २०२१ मध्ये प्रारूप म्हणून प्रसिद्ध झाला. ६७ हजारांच्या घरात हरकती-सूचना आल्या. सुनावण्या झाल्या, कोर्टबाजी झाली आणि २०२५ मध्ये शासनाने तो रद्द केला. म्हणजे आज गावातला शेतकरी झोन दाखला (जमीन कोणत्या वापराची, याचा कागद) काढतो तो १९९७ च्या प्रादेशिक योजनेवरून. ती योजना मंजूर झाली तेव्हा हिंजवडीच्या आयटी पार्कची आजची पसारेदार वस्ती कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

प्रादेशिक योजना आणि विकास आराखडा यांतला फरक अग्रलेखात पुसला गेला आहे, म्हणून सांगतो. प्रादेशिक योजना जाड कुंचल्याने काढतात: हा पट्टा निवासी, हा शेती, हा वनीकरण आणि हे मुख्य रस्ते. विकास आराखडा गट नंबरावर उतरतो. शाळा इथे, मैदान इथे, पाण्याची टाकी इथे, मैलापाणी केंद्र इथे, दहनभूमी इथे. पहिली आहे आणि दुसरा नाही, अशा अवस्थेत काय होतं? बांधकाम परवानगी मिळते, कारण झोन निवासी आहे किंवा गावठाणालगत ठरावीक अंतरापर्यंत अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क, भरून बांधता येतं. शाळेची, टाकीची, मैलापाण्याची जागा मात्र कुणीच राखून ठेवलेली नसते. इमारतीला नियम आहे, गावाला नाही.

आता पाण्याचा हिशेब करू. तो परवानगीच्या फायलीत असतो, पण फायलीबाहेर कुणी करत नाही. २०० सदनिकांची एक मध्यम योजना घ्या. घरटी पाच माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर हे सर्वमान्य प्रमाण. झाले १ लाख ३५ हजार लिटर. गावात नळयोजना ग्रामपंचायतीची, ती जुन्या लोकसंख्येपुरती. मग विकासक हमीपत्र देतो की सार्वजनिक पुरवठा येईपर्यंत पाण्याची सोय तो करील. सोय म्हणजे टँकर. दहा हजार लिटरच्या टँकरच्या रोज चौदा खेपा. अशा वीस योजना एका रस्त्यावर असल्या (आणि वाघोलीपासून बावधनपर्यंत कुठेही असतात) तर २८० खेपा. टँकर रिकामा परत जातोच, म्हणजे ५६० फेऱ्या. पहाटे पाच ते रात्री नऊ असे सोळा तास धरले तर दर तासाला ३५. दोन मिनिटांच्या आत एक टँकर. रस्ता कोणता? तर गावची जुनी गाडीवाट, डांबर टाकून रुंदावलेली, पाच-साडेपाच मीटर. दोन टँकर समोरासमोर आले की एकाने कुणाच्या तरी कुंपणात चाक घालायचं. सकाळी शाळेची बस का अडकते, याचं उत्तर या गुणाकारात आहे. त्याला आपण ‘वाहतूक कोंडी’ म्हणून पान तीनवर छापता.

दुसरा रस्ता का नाही? कारण विकास आराखड्यातली रस्त्याची रेघ नाही. प्रत्येक लेआउटला आपापला नऊ मीटरचा अंतर्गत रस्ता असतो आणि तो आपल्याच कुंपणाच्या भिंतीला जाऊन संपतो. भिंतीपलीकडे शेजारच्या लेआउटचा रस्ताही तिथेच संपतो, बहुधा वीस-पंचवीस फूट बाजूला सरकून. दोघांचे नकाशे मंजूर, दोघेही नियमात. जोडणारा कुणी नाही. मोकळ्या जागेचंही तेच. मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा सोडतात, पण पाच लेआउटच्या पाच चिंचोळ्या पट्ट्या मिळून कबड्डीचं मैदानही होत नाही.

पाणी आलं की सांडपाणी आलं. १ लाख ३५ हजारांतले सुमारे ८० टक्के, म्हणजे १ लाख ८ हजार लिटर रोज बाहेर पडतं. मोठ्या योजनेत एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र, बसवतात. शुद्ध केलेलं पाणी फ्लशला आणि बागेला वापरायचं, असा नियम. फ्लशला माणशी ४५ लिटर धरले तरी हजार माणसांचे ४५ हजार, बागेला फार तर सात-आठ हजार. उरलेलं पन्नास-पंचावन्न हजार लिटर पाणी रोज कुठे जाणार? नियमाप्रमाणे गटारात. गटार नाही, म्हणून ओढ्यात. हे यंत्र चोख चालत असेल तरचं गणित. प्रत्यक्षात सोसायटी ताब्यात आली की पहिलं वीजबिल बघून रात्री टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद होतो. हवा बंद झाली की टाकीतले जिवाणू मरतात, गाळ काळा पडतो, वास सुटतो. पुन्हा जिवाणूंचं कल्चर टाकून घडी बसायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर जे जातं ते कच्चंच जातं. फ्लशची वेगळी पाइपलाइन अनेक ठिकाणी टाकलेली असते, पण जोडलेली नसते. (हा भाग तपासणीला येणाऱ्यांना दिसत नाही, कारण तो भिंतीत असतो.)

यात नियोजनाची म्हणून एकच जागा आहे आणि तीच हातची जाते. मैलापाणी उतारानेच वाहतं, म्हणून पंपिंग स्टेशनची जागा त्या पाणलोटातली सगळ्यांत खालची असावी लागते. ती ओढ्याच्या काठी असते. आराखड्यात ती राखली नाही की तिथे पहिल्यांदा राडारोडा पडतो, मग भराव होतो, मग शेड आणि मग मंगल कार्यालय. दहा वर्षांनी प्राधिकरणाला जाग आली तरी तेव्हा ती जागा विकत घेऊनही उपयोग नसतो, कारण तोवर ओढाही चार फूट सरकलेला असतो.

आणि पैसा? परवानगी देताना विकास शुल्क प्राधिकरण घेतं, अधिमूल्य प्राधिकरण घेतं. कचरा, दिवाबत्ती आणि नळ मात्र ग्रामपंचायतीकडे. सरपंचाने निधी मागायचा आणि प्राधिकरणाने प्रस्ताव मागवायचा, हा खेळ गावोगाव चालू आहे. २०२१ च्या जूनअखेर २३ गावं पुणे महापालिकेत घेतली आणि पंधरवडाभरात त्याच गावांचं नियोजन पीएमआरडीएकडे सोपवलं. मिळकतकराचं बिल एका दारी, नकाशा दुसऱ्या दारी. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर आधी पालिकेत आली, मग बाहेर जाऊन नगरपरिषद झाली. आपण म्हणता तो ‘एकच कारभारी’ यातला नेमका कोणता?

राज्यघटनेत कलम २४३ झेडई प्रमाणे महानगर नियोजन समिती आहे, दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेल्या नगरसेवकांतून आणि पंचायतींच्या अध्यक्षांतून यायचे आहेत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीची ही तरतूद. प्रदेशाचा आराखडा तिने करायचा. प्राधिकरणाचे अध्यक्ष मात्र मुख्यमंत्री. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं निवडणूकच झाली नाही. मग तेव्हा समितीत बसायला नगरसेवक आणायचे कुठून? हा मुद्दा कोर्टात गाजला तेव्हा आपल्या पानांवर त्याला किती जागा मिळाली होती, तेही एकदा मोजून बघावं.

प्राधिकरणाला काही जमत नाही असं नाही. शिवाजीनगर ते हिंजवडी मेट्रो, २३ किलोमीटर आणि २३ स्थानकं, त्यासाठी विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडून नवा उभारायला घेतला. काँक्रीटचं काम दिसलं की उत्साह येतो. ठेकेदारी नियोजनापेक्षा सोपी असते, तिचं उद्घाटन करता येतं. माण-म्हाळुंगेच्या टीपी (नगररचना) योजनेचा मार्ग मात्र खरोखर योग्य होता: सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि सुविधा काढायच्या, उरलेल्यातून प्रत्येकाला आखीव अंतिम भूखंड द्यायचा. भांबुर्डा (आजचं शिवाजीनगर), विलेपार्ले, सांताक्रूझ इथल्या सरळ गल्ल्या याच पद्धतीच्या. तो मार्ग किचकट आहे, लवाद आला की वर्षं जातात. पण पर्याय काय, ते टँकरच्या हिशेबात सांगितलंच.

नव्या आराखड्याचं काम पुन्हा सुरू होणार असेल तर अधिकार देण्याआधी एवढं करायला सांगा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात कलम २५ प्रमाणे विद्यमान जमीन वापराचा नकाशा आधी करायचा असतो. चुका तिथेच शिरतात. उपग्रह चित्रावरून रेषा ओढताना पॉलिहाउस ‘कारखाना’ होतं, गोठा ‘घर’ होतं. जुना गाव नकाशा त्यावर चढवताना ताणला जातो आणि १८ मीटरचा रस्ता एका गटातून शेजारच्या गटात सरकतो, मध्ये विहीर असली तरी. तो नकाशा गावाच्या चावडीवर महिनाभर लावा आणि तलाठी, ग्रामसेवक व मोजणीदार तिघांना एकत्र बसवा. जी हरकत चावडीवर दहा मिनिटांत मिटते, तीच नंतर कोर्टात जाते. आणि ६७ हजार हरकतींचं काय झालं, ते गावनिहाय जाहीर करा. लोकांनी त्या सातबारे आणि नकाशे जोडून दिल्या होत्या. प्रसाद म्हणून नव्हे.

शेवटी एक घरची तक्रार. त्याच कायद्याच्या कलम २६ ची, म्हणजे प्रारूप आराखड्याची, नोटीस आली की हरकतीला मुदत तीस दिवसांची. अशा नोटिसा आपण अकराव्या पानावर, हरवले-सापडले आणि वधू-वर यांच्या मध्ये छापता. सोबतचा नकाशा पोस्टाच्या तिकिटाएवढा, उत्तर दिशेचा बाणही कापलेला. त्याच अंकाच्या पहिल्या पानावर मात्र ‘रिंगरोडपासून पाच मिनिटांवर’ अशी पूर्ण पानाची जाहिरात. तो रिंगरोड कोणता, हे त्या नकाशात बघायला भिंग घ्यावं लागतं. पुढच्या वेळी दोन्हींच्या जागा अदलाबदल करून पाहाल का?

आपला,
एक नियमित वाचक, पुणे
(नाव छापू नये, ही विनंती)