हाफ तिकीट दिलंत, आता उतरल्यावर बसायचं कुठे तेही सांगा

मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

साहेब, मला तुमच्याकडे रोपवे नकोय, काचेचा पूल नकोय, लेझर शो तर अजिबातच नकोय. मला एक स्वच्छ संडास, सावलीतला एक बाक आणि बॅग ठेवायला एक कप्पा हवाय, आणि हे सगळं नदीकाठी हवंय. मागणं एवढंच आहे पण ते का, हे सांगायला जरा लांबण लागेल, कंटाळा आला तर पीएला वाचायला द्या.

हिवाळ्यात आम्ही अख्खं घर पाचगणीला गेलो होतो, सासूबाई, आमचे हे, मुलं, नणंद, तिचे मिस्टर, त्यांची मुलं, ट्रॅव्हलर गच्च भरलेली. मधल्या दिवसाचा प्लॅन ठरलेला, सकाळी वेण्णा लेक, मग क्षेत्र महाबळेश्वर, मग प्रतापगड, येताना स्ट्रॉबेरी क्रीम. सगळं माझं आधी बघून झालेलं. आदल्या रात्री मी सांगितलं की उद्या तुम्ही वर जा, मी एसटीने खाली वाईला जाते, दिवसभर कृष्णेच्या घाटावर बसते, संध्याकाळी परत येते. तर ह्यांनी विचारलं ॲसिडिटी झालीय का. सासूबाईंना वाटलं आमचं भांडण झालं. नणंद हळूच बाजूला घेऊन म्हणाली वहिनी काही टेन्शन आहे का. बाईला नुसतंच कुठेतरी बसायचं असेल, एकटीने, कोणाची पाण्याची बाटली न धरता आणि कोणाचं स्वेटर न शोधता, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यांना मी दोष देत नाही, कारण तुमच्या खात्याच्या जाहिरातींमध्येही मला अशी बाई कधी दिसलेली नाही, तिथे आई बाबा दोन मुलं असतात किंवा मग हातात हात घातलेलं नवीन जोडपं.

तर सकाळी पाचगणीहून एसटी पकडली. तुम्हाला माहितीच असेल, १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. ही योजना कोणी काय म्हणो, मला फार आवडते, कारण पहिल्यांदा असं झालं की ह्यांना न विचारता पर्समधल्या सुट्ट्या पैशात बाई गावं बघून येऊ शकते. गाडीत बघितलं तर निम्म्याहून जास्त बायकाच होत्या. पसरणीचा घाट उतरताना खाली धोम धरणाचं पाणी दिसतं, पुढे वाईची घरं दिसतात, बारा-तेरा किलोमीटरचा रस्ता पण उतार एवढा की पाचगणीत घातलेली शाल वाईत येईपर्यंत हातात येते.

आणि इथपासून माझी तक्रार सुरू होते, कारण सरकारने मला एसटीत बसवलं आणि स्टँडवर उतरवलं, त्यानंतर माझं काय करायचं हे कोणीच ठरवलेलं नाही.

आधी चांगलं सांगते. वाईत कृष्णेवर सात घाट आहेत, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड, प्रत्येक आळीचा आपला घाट आणि कृष्णाबाईचा उत्सवही आळीआळीचा वेगळा. नदीला कृष्णाबाई म्हणतात आणि तिचा मंडप घालून उत्सव करतात, पंगती बसतात. ढोल्या गणपतीचं देऊळ अगदी पात्रालगत, १७६२ मध्ये गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं, त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती केलीय, पुराचं पाणी दोन्हीकडे फाकून जावं म्हणून. बहुतेक टुरिस्ट पुढून दर्शन घेतात, सेल्फी काढतात आणि गाडीत बसतात, मागे जाऊन ती भिंत बघत नाहीत, कारण जाऊन बघा असं त्यांना कोणी सांगत नाही आणि ड्रायव्हरने वीस मिनिटं दिलेली असतात. मला अख्खा दिवस होता म्हणून मी मागे गेले. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाने पूर येणार हे धरूनच देऊळ बांधलं, आणि आपण आत्ता नदीच्या पात्रात पार्किंग करतो, असो, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

जवळच काशीविश्वेश्वराचा नंदी आहे, काळा तुकतुकीत, त्याच्या गळ्यातल्या माळा आणि घुंगरं दगडातच कोरलेली, तिथे मी किती वेळ होते मलाच माहीत नाही. मग घाटाच्या पायऱ्यांवर येऊन बसले. काही केलं नाही. कोणीतरी गोधड्या धूत होतं, पोरं उड्या मारत होती, समोर पांडवगड. आमची मंडळी त्याच वेळी वर क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात, गोमुखातून येणारं पाणी बाटलीत भरत होती, व्हॉट्सॲपवर फोटो आला, कृष्णेचा उगम म्हणून. मी खाली त्याच पाण्याजवळ बसलेले, फक्त मध्ये धोमचं धरण.

बसल्या बसल्या रास्त्यांच्या घरातल्या गोपिकाबाई आठवल्या. नानासाहेब पेशव्यांची बायको, माधवरावांची आई, याच वाईच्या रास्त्यांची मुलगी. शेवटची वर्षं त्या पुण्याच्या राजकारणापासून लांब, नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीकाठी राहिल्या. त्यांना तसं राहावं लागलं त्याची कारणं फार कडू आहेत, माझ्यासारखी हौस नव्हती, पण मनात आलं की नदीकाठी एकटी राहायला त्या काळी पेशवीणबाई असावं लागत होतं, आता निदान एसटीचं तिकीट पुरतं.

आता वाईट. आणि हे एका गावाचं गाऱ्हाणं नाही, पैठण घ्या, कऱ्हाडचा प्रीतिसंगम घ्या, नरसोबाची वाडी घ्या, नदीकाठच्या कुठल्याही गावाला दिवस काढायचा म्हटलं की बाई पहिला हिशोब करते तो पाणी किती प्यायचं याचा. एवढी नदी समोर वाहतेय आणि मी दुपारपर्यंत बाटलीतले दोन घोट घेतलेले. का ते तुम्हाला कळलं असेल. हे लिहायला मला लाज वाटत नाही, वाटायचीच असेल तर ती खात्याला वाटली पाहिजे. शेवटी एका हॉटेलात गेले, जेवण पण होईल आणि ते पण होईल म्हणून. वेटरने विचारलं किती जण, म्हटलं एक, तर म्हणाला ताई फॅमिली रूम वर आहे. अहो पण मी एकटी आहे. हो म्हणाला, लेडीजना वरच. मग मी एकटी बाई वरच्या एसी फॅमिली रूममध्ये आठ खुर्च्यांच्या टेबलाला बसून पिठलं भाकरी खाल्ली आणि एसीचे जास्तीचे पैसे दिले. खाली चार बाप्ये चार टेबलांवर एकेकटे जेवत होते, त्यांना कोणी वर पाठवलं नाही.

मग वाटलं दोन तास पाठ टेकायला खोली मिळाली तर बरं, गुडघे बोलायला लागलेले. एका लॉजवर विचारलं. सोबत कोण आहे? कोणी नाही. मग नाही जमणार मॅडम, सिंगल लेडीजला आम्ही देत नाही. आधार कार्ड दाखवते म्हटलं, डोंबिवलीचा पत्ता, नवऱ्याचं नाव सगळं आहे त्यावर, तरी नाही. पन्नाशीची बाई, हातात शाल आणि पेढ्याचा पुडा, मी काय करणार होते साहेब त्यांच्या लॉजचं?

घाटावर एक कॉलेजची मुलगी भेटली, पाठीवर ही मोठी सॅक. ती पण एकटीच फिरत होती, तिला देवळात जायचं होतं पण सॅक कोणाकडे ठेवणार म्हणून पायरीवर बसून राहिलेली. मी तिची सॅक सांभाळली, ती दर्शन घेऊन आली, नंतर तिने माझी पर्स सांभाळली आणि मी पाण्यात पाय सोडून बसले. हा आमचा क्लोक रूम. तिने मला विचारलं की इथे विश्वकोशाचं ऑफिस आहे ना कुठेतरी. आहे. मराठी विश्वकोश या गावात बसून तयार झाला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, १९७६ ला पहिला खंड आला, आणि संस्कृत शास्त्रं शिकवणारी ती प्राज्ञपाठशाळाही इथलीच. एवढी मोठी गोष्ट, पण घाटावर कुठे बसून तो खंड चाळता येईल अशी एक खोली असती तर आम्ही दोघी दुपारभर तिथेच असतो. हे तुमच्या खात्यात येत नाही, मराठी भाषा विभागात येतं, माहितीये मला. नदी जलसंपदाची, घाट पालिकेचे, जुनी देवळं कुठे पुरातत्त्वची कुठे ट्रस्टची, एसटी परिवहनची. पण आम्ही एकटीने येतो तेव्हा खाती मोजत येत नाही हो, गावात येतो. कोणीतरी एकाने हे जुळवायचं असेल तर ते तुम्हीच, पर्यटन दुसऱ्या कोणाच्या पाटीवर लिहिलेलं नाही.

दुपारी आम्ही दोघींनी रिक्षा करून मेणवली पण केलं. नाना फडणवीसांचा वाडा, मागे चंद्रकोरीसारखा घाट आणि तिथे टांगलेली ती मोठी घंटा, वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधून आलेली, १७३९ ची मोहीम चिमाजी अप्पांची. तिथे आलेले लोक एकमेकांना सांगत होते की इथे अमक्या पिक्चरचं शूटिंग झालं. घंटा कुठून आली हे कोणी बोलत नव्हतं. मला राग नाही, पिक्चर मलाही आवडतात, पण चर्चची घंटा कृष्णेच्या काठी कशी आली ही गोष्ट कुठल्याही पिक्चरपेक्षा भारी आहे आणि ती सांगायला फार खर्च येत नाही.

तुमचं आई धोरण मी वाचलंय, २०२३ चं, महिलांच्या पर्यटनासाठीचं. त्यात पर्यटनाचा धंदा करणाऱ्या बायकांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे, आणि एमटीडीसीच्या, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या, रिसॉर्टमध्ये १ ते ८ मार्चला महिलांना ५० टक्के सवलत आहे. चांगलं आहे. पण मार्चचा पहिला आठवडा म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षा, घराघरातली आई तेव्हा कुठे हलते? आणि रिसॉर्ट म्हणजे मुक्काम, मला मुक्काम नको होता, दिवस हवा होता. तेव्हा माझं म्हणणं असं की याच धोरणातल्या कर्जातून नदीकाठच्या गावांमधल्या बायकांना दिवसाचे थांबे काढू द्या. घराची पुढची खोली, एक पलंग, एक संडास-बाथरूम, पाच-सहा कुलपाचे कप्पे, चहा आणि जेवण. तासावर पैसे घ्या, आम्ही देऊ, फुकट नकोय. एमटीडीसीच्या वेबसाइटवर त्यांची नावं टाका, सरकारी पाटी लावा, कारण ती पाटी बघून घरचे लोक गप्प बसतात, हा मुद्दा लहान नाही. घाटावर खालचं पाणी किती खोल आणि धरणातून कधी सोडणार याचा फलक असू द्या, तो मराठीत आणि मोठ्या अक्षरात, आमचे चष्मे पर्समध्ये असतात. आणि लायसन्स असलेल्या लॉजवाल्यांना स्पष्ट लेखी कळवा की ओळखपत्र असेल तर एकट्या बाईला खोली नाकारता येणार नाही.

सुरक्षेचं कोणी विचारेल म्हणून सांगते, मला दिवसभरात भीती वाटली नाही. दर दोन माणसांमागे एकाने एकट्याच का ताई असं विचारलं एवढंच, त्यातही निम्म्यांनी काळजीने विचारलं, फुलवालीने तर तिच्या शेजारची गोणपाटाची जागा झाडून दिली. लोक तयार आहेत. सोयी नाहीत.

संध्याकाळच्या एसटीने परत वर गेले, परत हाफ तिकीट, घाटात ऊन पिवळं झालेलं आणि कंडक्टरने सुटे नाहीत म्हणून दोन रुपये राहू दिले.

मार्चची सवलत जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा सुरू व्हायच्या आधी, करता आली तर बघा. थांब्यांचं काम सुरू झालं तर पहिला वाईत करा, फुलवालीला विचारायला मी स्वतः येईन.

आपली,
डोंबिवलीची एक हाफ तिकीटवाली

ता. क. नणंद म्हणतेय पुढच्या वेळी मीपण येते वहिनी. तिला सांगितलंय ये, पण तू मेणवलीला उतर, मी वाईत.