खुंटी पडेपर्यंत

चि. अभिजित यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आपले बोलणे ज्या वाक्यावर तुटले, ते वाक्य दोन दिवस माझ्या मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे. नंदिनी तिच्या परिषदेत असताना तू दोन्ही मुलांना घेऊन एकटाच विज्ञान संग्रहालयात जाणार, हे ऐकताच माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ओवी हरवेल हा. त्यावर तू म्हणालास, "आई, तू अजून त्याच दिवसात अडकली आहेस." ते खरे आहे आणि म्हणूनच मला लागले. तरीही तुमचा बेत मोडावा म्हणून मी हे लिहीत नाही. तुम्ही जाच. प्रवासात मुलांना दाखवायला पुष्कळ जागा असतात, पण त्यांपैकी बहुतेक ठिकाणी त्यांना दिवसभर 'हात लावू नकोस' हेच ऐकावे लागते. जिथे हात लावल्याशिवाय काही कळतच नाही, अशी जागा वाटेत येत असेल तर ती चुकवू नये.

फक्त पोहोचल्याच्या दिवशी जाऊ नका. झोपमोड झालेली चार वर्षांची मुलगी दारातच रडू लागेल आणि त्यात तिचा काही दोष नसेल. दार उघडण्याच्या वेळेलाच पोहोचलात तर शाळांच्या सहली येईपर्यंतचा तासभर शांत मिळतो. पाण्याचे खेळ बहुधा असतातच, तेव्हा दोघांच्या कपड्यांचा एकेक जोड जवळ असू दे. लहान मुलांसाठी वेगळे दालन असेल तर ओवीला आधी तिथे ने. मोठ्यांच्या यंत्रांपुढे तिची उंची पुरणार नाही आणि तिला सतत उचलून घेताना अर्णवकडे तुझे लक्ष राहणार नाही. सामान लॉकरमध्ये ठेव, म्हणजे एक हात ओवीसाठी मोकळा राहील. तो हात सोडू नकोस. हे एकदाच लिहिते आहे, पुन्हा लिहिणार नाही.

सगळे पाहून घेण्याचा हट्ट मात्र करू नकोस. मी सव्वीस वर्षे वर्गात विज्ञान शिकवले आणि त्यातले बहुतेक फळ्यावर शिकवले, याची खंत मला आज अधिक वाटते. हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू घे. चेंडू कडेला सरकला की त्याला वळसा घालणारी हवा बाहेर फेकली जाते आणि चेंडू उलट झोताच्या मध्याकडे ढकलला जातो. हे मी दरवर्षी बाण काढून समजावत असे आणि मुले ते वहीत उतरवून घेत. पण चेंडू बोटाने हलकेच बाजूला ओढताना तो परत आत खेचला जातो, ती ओढ ज्याच्या बोटाला एकदा जाणवली, त्याला बाणांची गरज नंतर पडते, आधी नाही. म्हणून अर्णवने विचारल्याशिवाय त्याला कारण सांगू नकोस. भिंतीवरचा मजकूर त्याला मोठ्याने वाचून दाखवण्याची घाई करू नकोस. त्याने चुकीचे कारण सांगितले तर ते तपासायला दुसरा प्रयोग काय करता येईल, एवढेच विचार.

मी पुन्हा शिकवायला लागले. क्षमा कर. तू इंजिनिअर आहेस आणि बाप म्हणून माझ्यापेक्षा शांत आहेस; नंदिनीही तसेच म्हणते.

तरी त्या दोन मोठ्या तबकड्यांविषयी सांगते, कारण तिथे तुमची गंमत होईल. दालनाच्या दोन टोकांना समोरासमोर उभ्या केलेल्या खोलगट तबकड्या असतात. एकीच्या नाभीपाशी, म्हणजे तिच्या पुढ्यातल्या एका ठरावीक बिंदूपाशी, कुजबुजलेला शब्द तिच्यावरून परावर्तित होऊन समांतर जातो आणि समोरच्या तबकडीच्या नाभीत पुन्हा एकवटतो, त्यामुळे मधल्या गर्दीला काहीच न कळता दोन माणसे बोलू शकतात. अर्णवला एका टोकाला बसव, तू दुसऱ्या टोकाला जा. पण मग ओवी कोणाजवळ असेल? तिला तुझ्या मांडीवर घे. दोन्ही मुलांच्या मध्ये एवढे अंतर आणि एकटा मोठा माणूस, हे चित्र मला परवापासून सारखे दिसते आहे.

तो दिवस तुला जसा आठवतो तसा मला आठवत नाही. तू पाच वर्षांचा होतास. धाकटी माझ्या कडेवर होती, तुझे बाबा तिकिटांच्या रांगेत होते, आणि मी तुझा हात सोडला तो केवळ तिची टोपी उचलण्यासाठी. पंचवीस मिनिटे तू सापडला नाहीस. आरशांच्या दालनात मी शिरले तेव्हा चारही बाजूंनी मलाच माझा चेहरा दिसत होता. तो चेहरा मी विसरलेले नाही. तू सापडलास तो जिन्याखालच्या मोठ्या लंबकापाशी, कठड्याला गाल टेकवून उभा. मी तुला ओढले, रागावले, रडले, आणि तू म्हणालास, "थांब ना, आता खुंटी पडेल." मी थांबले नाही. तुला तशीच ओढत बाहेर घेऊन आले.

त्या लंबकाविषयी मी नंतर मुळातून वाचले. फ्रेंच शास्त्रज्ञ लिओं फुको यांनी १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑन या भव्य इमारतीत ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगून पृथ्वी फिरते हे लोकांना डोळ्यांनी दाखवले. झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते आणि गोळा वर्तुळावरची एकेक खुंटी पाडतो. ध्रुवावर हे वळण सुमारे एका दिवसात पूर्ण होते, ३० अंश अक्षांशावर त्याला दोन दिवस लागतात आणि विषुववृत्तावर ते होतच नाही. म्हणजे एका खुंटीसाठी कित्येक मिनिटे उभे राहावे लागते. पाच वर्षांचे मूल गर्दीत आई दिसत नसताना तेवढा वेळ एका जागी उभे राहिले, कारण त्याला काहीतरी घडण्याची वाट पाहायची होती. हे मी वर्गात अनेकदा सांगितले, तुला मात्र कधी सांगितले नाही. मला त्याचा अभिमान वाटतो. आणि ती खुंटी मी तुला पाहू दिली नाही, हे मला अजून सलते.

भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एक्सप्लोरेटोरियम हे हात लावून पाहायचे विज्ञान संग्रहालय उभे केले, त्यापूर्वी विद्यापीठाची दारे त्यांच्यासाठी बंद झाल्यावर त्यांनी कोलोरॅडोत गुरे पाळली होती आणि तिथल्याच एका छोट्या गावाच्या शाळेत शिकवलेही होते. संग्रहालयात कोणी नापास होत नाही, असे ते म्हणत. मला ते पालकांनाही लागू करावेसे वाटते, पण तेवढे मन अजून मोठे होत नाही. अर्णव एखाद्या यंत्रापाशी अर्धा तास अडकला तर त्याला अडकू दे. ओवी फक्त एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिली तरी दाबू दे. मुलांचे दोन्ही हात मोकळे असल्याशिवाय तिथे जाण्यात अर्थ नाही हे मला कळते, आणि त्यांपैकी एक हात तू धरून ठेवावास असेही वाटते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा करायच्या, ते मला त्या दिवशी जमले नाही. तुला जमेल.

एवढे मात्र कर. आत जाण्यापूर्वी त्या दिवशीच्या कपड्यांत दोघांचा फोटो काढून ठेव. ओवीच्या मनगटावर पेनाने तुझा मोबाइल नंबर लिही. तिथल्या कर्मचाऱ्यांचा गणवेश दोघांना दाखव, आणि बाबा दिसेनासा झाला तर शोधायला न निघता होते तिथेच उभे राहायचे, हे घरातून निघण्यापूर्वी खेळ म्हणून दोनदा करून घे. पुन्हा लिहिणार नाही म्हणाले होते, ते राहिले नाही.

लंबक असेल तर शेवटी त्याच्यापाशी जा, म्हणजे पुढे कुठे जायची घाई राहणार नाही. त्या दिवशी मी फोन करणार नाही. बाहेर पडलात की तू कर. कितीही उशीर झाला तरी मी जागी असेन.

नंदिनीला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आई